लांबीशिवायचा मजकूर

प्रोग्रॅमिंगच्या सी भाषेत मजकूर कुठे संपतो हे कॉम्प्युटरला कळत नाही. ही गोष्ट मी इतक्या वेळा इतक्या लोकांना सांगितली आहे की आता सांगताना माझंच डोकं तापतं. मजकूर मेमरीत कुठे सुरू होतो, एवढंच तुम्ही त्याला सांगता. तिथून तो एकेक बाइट वाचत पुढे जातो आणि शून्य लागलं की थांबतो. शून्य लागलंच नाही तर थांबत नाही. पुढे जे काही पडलेलं असेल, कालचं, परवाचं, दुसऱ्याच कुणाचं, ते सगळं तोच मजकूर समजून वाचत सुटतो. म्हणून लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमरनी वापरायचा तयार कोड, लिहिताना माझा एकच हट्ट असायचा. फंक्शनला, म्हणजे त्यातल्या एकेक काम करणाऱ्या तुकड्याला, मजकूर द्यायचा तर सोबत त्याची लांबीही द्यायची. इथून सुरू कर, आणि इतकंच वाच.

हा हट्ट मी कॉलेजात शिकले नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मूल शहराच्या पुढे जंगलाला लागून आमचं गाव आहे, तलावावर जगणारं. माणसं मधल्या पाण्यात मोठं जाळं टाकतात आणि बाया पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, कडेकडेनं, वाकून, हातजाळीनं झिंगे, म्हणजे बारकी कोळंबी, धरतात. तळाचा गाळ दरसाल इकडचा तिकडे होतो. काल गुडघाभर होतं तिथे आज काय असेल सांगता येत नाही. म्हणून बाया रांगेनं उतरतात आणि पुढची बाई मागचीला हाक देते: घोटा, गुडघा, कंबर. हाक ऐकल्याशिवाय मागची पाऊल टाकत नाही. हाक न देता नुसताच हात धरून ओढणाऱ्या बाईसोबत आमच्याकडे कुणी दुसऱ्यांदा उतरत नाही. माझी आई बहुतेक वेळा रांगेत सगळ्यात पुढे असायची. तेव्हापासून, किती ते न सांगता दिलेली कुठलीही गोष्ट मला अर्धवटच वाटते.

माझा भागीदार वरोऱ्याचा. चंद्रपूरच्या कॉलेजात आम्ही एकाच बाकावर बसलो. बाकीचे पुण्याला पळाले, आम्ही दोघं इथेच राहिलो. जटपुरा गेटजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेतली आणि छोट्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायला लागलो. म्हणजे लिहायचे मी, आणि बोलायचा तो. तोंडाचा असा गोड की भांडायला आलेलं गिऱ्हाईक चहा पिऊन हसत जिना उतरायचं. मी भांडायला न आलेल्या गिऱ्हाइकाशीही भांडायचे. तेव्हा ही वाटणी मला फार सोयीची वाटली, आणि खरं सांगते, मला त्याचा आधार वाटायचा. घरी जाताना मी त्याला गावाला घेऊन जायचे. आई त्याच्या ताटात झिंग्याचा रस्सा वाढत सुटायची आणि म्हणायची, "बाबू, लाजू नोको." तो लाजायचा नाही.

नागपूरच्या एका कंपनीनं जंगलालगतच्या गावांसाठी सरकत्या अक्षरांच्या पाट्या करायला घेतल्या, ते काम आमच्याकडे आलं. वनरक्षकानं मोबाइलवरून वाघाची खबर टाकायची, ती रेडिओनं गावातल्या खांबावरच्या डब्यात यायची आणि पाटीवर लाल अक्षरांत फिरायची. पाटीवर देवनागरी नीट उमटवणारी लायब्ररी आम्ही द्यायची होती. आमच्या भागात हे काय काम आहे ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वाघ उभ्या माणसाला सहसा हात लावत नाही. वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं. आणि माझी आई रोज सकाळी तलावाच्या काठावर वाकलेली असायची. दुसऱ्यांसाठी ते कंत्राट असेल, माझ्यासाठी ती आई सकाळी घरी परत येईल की नाही एवढी साधी गोष्ट होती.

म्हणून मी ते जीव ओतून लिहिलं. दाखवायचं फंक्शन तीन गोष्टी मागायचं: कोणती पाटी, कोणता मजकूर, किती लांब. रेडिओवर आधी लांबी यायची, मग मजकूर, आणि शेवटी शून्य नसायचं. डब्यात मजकुरासाठी एकच ठरलेली जागा होती. नवी खबर आली की जुनीच्या अंगावर बसायची. नवी आखूड असेल तर जुनीचं शेपूट मागे तसंच राहायचं. लांबी सोबत असली की ते शेपूट कुणाला दिसत नाही. हे मी भागीदाराला चौकोन काढून दाखवलं होतं. त्यानं मान डोलावली होती. "समजलं ना बाई, किती वेळा सांगशीन."

तक्रार आली ती भलतीच. कंपनीचे इंजिनीअर लांबी अक्षरं मोजून द्यायचे. वाघ म्हणजे दोन अक्षरं, द्या दोन. इंग्रजीत ते खपून जातं, एका अक्षराला एक बाइट. आपल्याकडे एकेका अक्षराला तीन आणि त्याच्या कान्याला वेगळे तीन, म्हणजे वाघ नऊ बाइटांचा. दोन दिले की पाटीवर व सुद्धा पुरता उमटत नाही, नुसता एक तुटका चौकोन दिसतो. त्यांनी सगळ्या चाचण्या इंग्रजीत केल्या होत्या. पाट्या मराठी बोलायला लागल्या तशा मुक्या झाल्या आणि फोन सुरू झाले, मॅडम तुमची लायब्ररी अक्षरं खाते. मी फोनवर त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. मग शांत झाले आणि फंक्शनच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं की लांबी बाइटांत द्या. ज्यांच्या मजकुराच्या शेवटी शून्य असेल त्यांच्यासाठी निराळ्या नावाचं दुसरं फंक्शनही करून द्यायची तयारी दाखवली, म्हणजे कुणाची गफलत नको.

भागीदाराला ते पटलं नाही. "त्यापेक्षा लांबीच काढून टाक ना. भांडनच मिटते. कोणाले मोजाची गरजच नाई."

"आणि रेडिओच्या मजकुराले शून्य कोण लावते? तुहा बाप?"

तो हसला. माझ्या असल्या बोलण्याला तो नेहमी हसायचा. मी म्हटलं, लांबी काढायची असेल तर आधी माझं नाव काढ. तो म्हणाला, "नाई काढत, तुही शप्पथ. पन फोन आता मी घेतो. तू बोलली का गिऱ्हाईक पळते." हे खरंच होतं, म्हणून मी पाट्यांचं काम त्याच्यावर सोडलं आणि वरोऱ्याच्या बाजारातल्या वजनकाट्यांच्या कामाला लागले. त्यानंतर फोन बंद झाले. कंपनी खूश होती. मला वाटलं, यानं गोड बोलून त्यांना बाइट मोजायला शिकवलं असेल. मनात त्याचं कौतुकही केलं मी.

पुढे आमच्या गावाचीही पाळी आली. पाटी तलावाकडे उतरणाऱ्या वाटेवर, समाजमंदिराच्या भिंतीशी खांब रोवून लावली. आम्ही दोघं गेलो होतो. तो खांबाजवळ वनरक्षकाला सगळं समजावून सांगत होता आणि मी घरात आईसोबत झिंगे निवडत बसले होते. संध्याकाळी पाटी पेटली तसं अर्धं गाव जमलं. आई पाटीखाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवत होती, आणि वाचून झालं की म्हणायची, "हे माह्या पोरीनं लिवलं." मी तिला म्हटलं, अगं, शब्द वनरक्षकाचे आहेत, मी फक्त ते दिसायची सोय केली. तिला तो फरक काही महत्त्वाचा वाटला नाही. भागीदार बाजूला उभा राहून माझ्याकडे बघून हसत होता. तो माझ्या आनंदात आनंद मानतो आहे असंच मी समजले.

थंडीत एका सकाळी शेजारच्या वहिनीचा फोन आला. आईला वाघानं धरलं होतं. बायांनी आरडाओरडा केला, माणसं काठ्या घेऊन धावली, वाघानं सोडलं. जीव आहे, चंद्रपूरला आणतो आहोत, एवढंच ती बोलली. मी दवाखान्याच्या दारात उभी होते तेव्हा त्यांची गाडी आली. आईचा उजवा खांदा आणि दंड लुगड्यानं बांधलेला होता आणि लुगड्याचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. तिनं डोळे उघडले नाहीत. आत नेल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले की आजची वेळ निघू द्या. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. पाटी होती ना. मग ती उतरली कशाला?

ऑपरेशन झालं, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी मी तिचे कपडे आणि आधार कार्ड आणायला गावाला गेले. पाटी चालूच होती. कुणी बंद करायच्या मनःस्थितीत नव्हतं. मी खाली उभी राहून वाचलं. "पाळीवर वाघ आहे. तलावात उतरू नका." त्याच्यामागे एक तुटका चौकोन सरकत आला. मग एक मात्रा, अक्षराविना. आणि मग स्वच्छ, ठळक: "मासेमारी सुरू करायला हरकत नाही." ओळ संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

तुम्हाला वाटेल मला काही वेळ लागला असेल समजायला. अजिबात नाही. ते जुन्या खबरीचं शेपूट होतं. वाघ जंगलात परत गेला, मासेमारी सुरू करा, असं काहीतरी आधी आलं असणार आणि नवी खबर त्याच्यापेक्षा आखूड. जुन्या शब्दातलं एक अक्षर मधोमध चिरलं गेलं होतं, त्याचा तो चौकोन. मी लिहिलेल्या फंक्शनमधून हे होऊच शकत नव्हतं. लांबी संपली की ते थांबतं.

वनरक्षक समाजमंदिराच्या पायरीवर बसलेला होता. सरळ माणूस, झोप न झाल्यानं डोळे लाल. मला बघून उठला, हात जोडले. मी विचारलं, हे मागचं वाक्य पाटीवर कसं?

"बाई, तुमाले मालूम नाई का?" तो खरंच गोंधळला. "तुमच्या सायबानं तं पाटी लावली त्याच दिवशी सांगतलं होतं. नवीन खबर टाकाच्या आधी डब्बा बंद करून चालू करा, नाईतं जुनं मागं चिकटून राह्यते. मी तसंच करत होतो. काल सकाळी मी पाळीच्या पल्याड होतो, ताजे पंजे दिसले, म्हटलं बाया उतरतीन आता, म्हनून तिथूनच मोबाइलवरून टाकली. डब्ब्याची चाबी माह्याजवळ. बंद करनार कोन?"

मी विचारलं, हे मला का नाही सांगितलं कुणी?

त्यानं खाली बघितलं. "सायेब म्हने, बाईले सांगू नका. त्या उगाच चिडतात."

गावाहून मी थेट ऑफिसात गेले. भागीदार आईची चौकशी करायला उठून पुढे आला, डोळ्यांत पाणी वगैरे. मी त्याला बाजूला केलं आणि त्याच्याच मशीनवर हेडर फाइल उघडली, जिच्यात प्रत्येक फंक्शन काय काय मागतं ते लिहिलेलं असतं. दाखवायचं फंक्शन दोनच गोष्टी मागत होतं. पाटी आणि मजकूर. लांबी नव्हती. बाइटांत द्या म्हणून मी लिहिलेली ओळही नव्हती. फाइलीच्या माथ्यावर माझं नाव मात्र जागच्या जागी होतं, एकटं माझंच.

"कधी काढली?"

"तू काट्यांच्या कामाले गेली तेव्हाच," तो म्हणाला. "काय करू मग? कंपनी काम काढून घेऊन राह्यली होती. सगळी दुनिया शून्यावर चालते, तुलेच काऊन लांबी पाह्यजे?"

"शेपूट दिसलं होतं तुले. चाचणीत दिसलं होतं."

"दिसलं होतं. बंद-चालू केलं का जात होतं. मले वाटलं निभून जाईन."

असं म्हणाला तो. निभून जाईल. त्याला शून्य कसं लावायचं ते येत नव्हतं असं नाही. रेडिओच्या मजकुरामागे एक शून्य ठेवायला एक ओळ लागते. पण रेडिओकडचा कोड माझ्याच मशीनवर होता, तो बदलायचा तर मला विचारावं लागलं असतं, आणि मला विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं की लांबी काढली. एवढ्यासाठी त्यानं ती एक ओळ लिहिली नाही. मी विचारलं, पाटी कोणत्या गावात लागते आहे ते माहीत होतं ना तुला? त्या वाटेनं कोण उतरतं ते माहीत होतं ना? याच बाईच्या हातचं तो बोटं चाटून जेवला होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी नुसतं ऐकलेलं होतं.

"चौकशी होईल," मी म्हटलं. "काय सांगशीन?"

त्यानं पडद्याकडे बघितलं. आवाज अजिबात चढवला नाही. "फाईलवर नाव तं तुहंच हाय."

इतका थंडपणा त्याच्यात आहे हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मी जिना उतरले. बाजारातून दवाखान्यापर्यंत चालत गेले. रस्त्यात मी ठरवलं की चौकशीत काय व्हायचं ते होईल, कंपनीनं काय समजायचं ते समजू दे, मी जुनी फाइल दाखवीन, भांडीन, ते मला येतं. पण आईला खरं कळलं पाहिजे. बाकी जगानं नाही विश्वास ठेवला तरी चालेल, तिला मी समजावून सांगेन.

आई शुद्धीवर होती. उजवा हात छातीशी बांधलेला. बोटं हलतील की नाही ते डॉक्टर अजून सांगत नव्हते. मला बघून म्हणाली, "आली का, बस." मी डावा हात धरला. तिला पहिलं तेच विचारलं, पाटीवर वाघ आहे असं लिहिलेलं असताना तू उतरलीस कशाला?

"लिवलं होतं ना," ती सावकाश बोलत होती. "बाया म्हने, चला वापस. मीच म्हटलं, पुढचं वाचा. वाघ होता ते आधीचं. हरकत नाई ते मागून आलं. मागून आली ते ताजी खबर. त्या काई आल्या नाई. पंजे मीबी पाह्यले होते पाळीवर. पन म्हटलं, माह्या पोरीची पाटी हाय, मले कायले फसवंन."

मी म्हटलं, "आई, ते मी तसं लिहिलं नव्हतं. त्यानं त्यातली लांबी काढून टाकली, मला न सांगता. मी लिहिलं होतं तसं राहिलं असतं तर मागचं वाक्य दिसलंच नसतं."

"मालूम हाय मले सगळं." तिनं माझा हात दाबला. "तो बाबू सकाळीच येऊन गेला. तू गावाले गेली होती. माह्या पायाशी बसून रडला गरीब. म्हने, काकू, तिच्या हातून चूक झाली, तुमी तिले काई म्हनू नोका, ती आधीच खचली हाय."

मी उठून उभी राहिले. लांबी, बाइट, शून्य, डब्यातली जागा, सगळं एकदम बोलायला लागले. तिला त्यातलं काय कळणार होतं ते मलाही कळत नव्हतं. आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची बाई आणि तिची माणसं वळून पाहायला लागली. नर्सनं दारातून खूण केली. आई मात्र माझं होईपर्यंत थांबली. लहानपणी मी काही फोडून मांजरावर ढकलायचे, तेव्हा थांबायची तशी.

"पोरी," ती म्हणाली, "तो तुही चूक सांगतानी रडला. अन् तू आपली चूक त्याच्यावर टाकून राह्यली."

मी पुन्हा खाटेच्या कडेला बसले.

"राहू दे. मानसाच्या हातून होते. मी माफ केलं तुले."

मग तिनं पाणी मागितलं. उजवा हात उचलत नव्हता, म्हणून पेला मी तिच्या ओठांशी धरला.